गाडीतलं बटण कुणी काढलं?

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे तीनच प्रश्न विचारले जातात. रेंज किती, चार्जिंग कुठे आणि बॅटरी किती वर्षं टिकणार? प्रश्न रास्तच आहेत. पण या गाड्यांबरोबर आणखी एक बदल आपल्या रस्त्यांवर आलाय आणि त्यावर जाहीरपणे फारसं कुणी बोलत नाही. डॅशबोर्डवरची बटणं कमी होत गेली आणि त्यांच्या जागी काच आली. एसीचा पंखा, समोरच्या काचेवरचं धुकं घालवणारा डीफॉगर, आरशांची दिशा, काही गाड्यांत तर वायपरचा वेगसुद्धा आता टचस्क्रीनच्या आत शिरलाय.

हे कुणी ठरवलं? कशासाठी? आणि याला काही नियम आहे का? ही पोस्ट त्याबद्दल आहे. लांब आहे, पण पुणेकरांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. कारण या गोष्टीचा बराचसा भाग आपल्याच आसपास घडतोय.

बघा ना. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, ती रांजणगावात बनते. मर्सिडीजची ईक्यूएस २०२२ पासून चाकणला जोडली जाते. तिच्या डॅशबोर्डवर या टोकापासून त्या टोकापर्यंत १४१ सेंटिमीटरची काच आहे. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्या, त्याही चाकणच्याच. ९ई मध्ये १२.३ इंचाच्या तीन स्क्रीन शेजारी शेजारी बसवल्यात. टाटांच्या गाड्यांना स्क्रीन पुरवणाऱ्या हरमन कंपनीचा कारखानाही चाकणला आहे. आणि देशातल्या वाहनांची एआयएस मानकं जी संस्था छापते ती एआरएआय आपल्या वेताळ टेकडीवर आहे. त्या मानकांच्या मुखपृष्ठावर पत्ता असतो पुणे ४११००४.

म्हणजे काच इथे बसते आणि तिचा नियमही इथेच छापला जाऊ शकतो.

आता थोडं मागे जाऊ. आकुर्डीला १९७२ पासून बनायला लागलेली बजाज चेतक आठवा. डाव्या मुठीत क्लच दाबायचा आणि तीच मूठ फिरवून गियर टाकायचा. पहिला आणि दुसरा यांच्या मध्ये न्यूट्रल. मुठीवर आकडे होते, पण चालवताना ते कोण बघत होतं? मनगटाला माहीत असायचं. पेट्रोल संपत आलं, गाडी आचके द्यायला लागली की चालत्या गाडीवर एक हात खाली घालून कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. नजर रस्त्यावरच. या शहराच्या दोन पिढ्या हे करत आल्या आणि त्यांना कुणी वेगळं प्रशिक्षण दिलं नव्हतं. कॉकला आकार होता, जागा ठरलेली होती आणि फिरवल्यावर तो बोटांना कळत होता. आकार, जागा आणि बोटाला मिळणारा जबाब, या तीन गोष्टी असल्या की डोळे मोकळे राहतात.

चारचाकीत हेच काम बटणांनी आणि दांड्यांनी केलं. त्याला जोड मिळाली चिन्हांची. तेलाची बुधली, बॅटरीचा डबा, पंख्याची पाती, काचेवर उठणाऱ्या तीन वेटोळ्या रेघा. यातलं एकही चिन्ह वाचायला अक्षरओळख लागत नाही. रंगही ठरलेले: लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे सांभाळून, निळा म्हणजे हाय बीम चालू. जगभरात यासाठी आयएसओ २५७५ हे मानक आहे, आपल्याकडे एआयएस-०७१. बिहारचा ट्रकचालक केरळमधल्या मालकाची गाडी चालवतो आणि त्याचं काही अडत नाही, ते या चिन्हांमुळे. पण ही मानकं मूळ घडली तो काळ खऱ्याखुऱ्या बटणांचा होता. चिन्ह ओळखू यावं एवढी चिंता तेव्हा होती. ते चिन्ह हाताला लागणाऱ्या बटणावर असावं की काचेवरच्या चित्रावर, हा प्रश्न तेव्हा कुणापुढे नव्हता.

टचस्क्रीनचा जन्म गाडीसाठी झालेला नाही. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या रॉयल रडार संस्थेतले ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली तिची कल्पना मांडली, ती विमानवाहतूक नियंत्रकांसाठी. सत्तरच्या दशकात सर्न या संशोधन केंद्राने आपल्या प्रवेगकाच्या नियंत्रण कक्षात टचस्क्रीन वापरल्या. दोन्ही ठिकाणी माणूस खुर्चीत बसलेला आणि स्क्रीन बघणं हेच त्याचं काम. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गाडीत ती पहिल्यांदा ठळकपणे आली १९८६ मध्ये, अमेरिकेच्या ब्यूक रिव्हिएरात. छोट्या टीव्हीसारखी हिरवट स्क्रीन, तिच्यातच एसी आणि रेडिओ. लोकांच्या तक्रारी काय होत्या? आवाज कमी करायला रस्त्यावरून नजर काढावी लागते. तापमान बदलायला आधी पान बदलावं लागतं. १९९० च्या मॉडेलमध्ये कंपनीने स्क्रीन काढली आणि बटणं परत आणली. म्हणजे आज आपण जो वाद नवा समजतोय तो पस्तीस वर्षांपूर्वी एकदा होऊन निकालात निघाला होता.

मग काच परत का आली? एकाच कारणाने नाही. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने आयड्राइव्ह आणलं, ढीगभर बटणांच्या जागी एक चकती आणि एक स्क्रीन. २००७ मध्ये आयफोन आला आणि काचेवर बोट फिरवणं हे आधुनिकपणाचं लक्षण झालं. २०१२ मध्ये टेस्लाने मॉडेल एसमध्ये १७ इंची स्क्रीन उभी केली. अमेरिकेत मे २०१८ पासून मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, म्हणजे स्क्रीन प्रत्येक गाडीत येणारच होती. आणि एकदा ती आली की हिशोब सुरू होतो. प्रत्येक बटणाला वेगळा साचा लागतो, वायर लागते, जोडणी लागते, हजारो वेळा दाबून चाचणी लागते. स्क्रीनवरच्या बटणाला यातलं काही लागत नाही. शिवाय गाडी विकल्यावरही सॉफ्टवेअर बदलून ते हलवता येतं. शोरूममध्ये लखलखतं, ते वेगळंच.

इलेक्ट्रिक गाडीत हे जास्त का झालं, तेही समजून घेऊ. तिचा आराखडा बऱ्याचदा कोऱ्या कागदावर सुरू होतो, जुना डॅशबोर्ड पुढे ओढायचा नसतो. आणि तिच्याकडे सांगण्यासारखं खरंच जास्त असतं. चार्ज किती, पुढचं चार्जिंग कुठे, घरी रात्री किती वाजता चार्ज सुरू करायचं, वीज कुठे खर्च झाली. नकाशा आणि चार्जिंगचं वेळापत्रक यांना मोठी स्क्रीन हवीच. मी काही काचेच्या विरोधात नाही. गाडी उभी असताना करायची कामं काचेवर उत्तम होतात. प्रश्न आहे चालत्या गाडीत करायच्या कामांचा.

याचं चांगलं उदाहरणही इथलंच देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या रूपात आलेल्या नेक्सॉन ईव्हीत रीजेन, म्हणजे पाय उचलल्यावर मोटरने गाडी किती आवळायची, ते स्टिअरिंगमागच्या दोन पट्ट्यांवर ठेवलंय. कात्रजचा घाट उतरताना बोट हललं की काम झालं. हा निर्णय ज्याने घेतला त्याने चालवणाऱ्याचा विचार केला होता. पण त्याच पिढीत एसीच्या पॅनलवरची बरीचशी बटणं गुळगुळीत, स्पर्शाने चालणारी झाली, २०२० च्या गाडीत तिथे खरी बटणं होती. एकाच गाडीत दोन्ही विचार नांदतायत. म्हणजे ज्ञान कमी नाही. कशाला किती महत्त्व द्यायचं ते कुणी बाहेरून ठरवून दिलेलं नाही, एवढंच.

बाहेरच्या जगाने याची किंमत कशी मोजली, तेही सांगतो.

२१ ऑगस्ट २०१७. सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची जॉन मॅकेन ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली. १० नौसैनिक गेले. चौकशीत दिसलं की टचस्क्रीनवरून वेगाचं नियंत्रण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर देताना सुकाणूही तिकडे गेलं आणि समोरच्याला वाटलं सुकाणूच निकामी झालं. प्रशिक्षण अपुरं होतं, हेही अहवालात आहे. पण नौदलाने नंतर काय ठरवलं? या वर्गाच्या जहाजांवर हाताने ढकलायच्या दांड्या परत बसवायच्या.

जर्मनीत २०१९ मध्ये पावसात एक टेस्लाचालक स्क्रीनवर वायपरचा वेग बदलायला गेला आणि गाडी रस्ता सोडून झाडांत घुसली. कार्ल्सरूहच्या उच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याला २०० युरो दंड आणि महिनाभर वाहनबंदी कायम केली. न्यायालयाचं म्हणणं, वायपरसाठी असली तरी ती स्क्रीनच, तिच्याकडे क्षणभरापेक्षा जास्त बघायचं नाही. आता गंमत बघा. वायपरचा वेग काचेत घालणाऱ्याला काही नाही, दंड भरला चालवणाऱ्याने.

स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ या मासिकाने २०२२ मध्ये ११ नव्या गाड्या आणि २००५ ची एक जुनी व्होल्वो घेतली. चालकांना आधी गाडीची नीट ओळख करून दिली. मग ताशी ११० किलोमीटर वेगाने त्याच चार कामांची वेळ मोजली. एसी, रेडिओ, अशी रोजचीच कामं. बटणांची जुनी व्होल्वो, १० सेकंद. सगळ्यात मागे राहिलेली एमजीची एक इलेक्ट्रिक गाडी, ४४.९ सेकंद. तेवढ्या वेळात तिने १,३७२ मीटर अंतर कापलं होतं.

हे अंतर आपल्या रस्त्यावर आणून बघा. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये मार्गदर्शक आकडा दिलाय: एका वेळी नजर २ सेकंदांपेक्षा जास्त हटू नये, एका कामासाठी एकूण १२ सेकंदांपेक्षा जास्त नको. ताशी ६० ने २ सेकंद म्हणजे ३३ मीटर. पीएमपीच्या १२ मीटरच्या जवळजवळ तीन बस एकामागे एक उभ्या केल्या, एवढं अंतर तुम्ही न बघता जाता. स्वीडनचं विमानतळ मोकळं होतं. आपल्याकडे ३३ मीटरमध्ये काय काय येतं? उलट्या दिशेने येणारी दुचाकी, दुभाजकावर उभ्या आजी, अचानक सुरू होणारा खड्डा, कुत्रा आणि पुढच्या रिक्षाचा न लागलेला ब्रेकलाइट. आणि पावसाळ्यात ताम्हिणीत किंवा खंडाळ्यात आतून काच धुकटते तेव्हा तर बघण्यासाठीच डीफॉगर हवा असतो, आणि तो शोधायला आधी स्क्रीन बघायची.

आता आपला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि चालवताना हातात फोन धरून वापरणं हे धोकादायक वाहन चालवणं ठरलं. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार फोन फक्त रस्ता बघायला वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. नियम बरोबरच आहे. पण मग सहा इंचाचा फोन हातात असला तर गुन्हा आणि बारा इंचाची काच कंपनीने बसवून दिली, तिच्यातच पंखा लपवला, तर ते फीचर, असं कसं? केंद्राच्या वार्षिक अपघात अहवालात वेग, मद्यपान, उलटी दिशा, सिग्नल तोडणं आणि मोबाइल असे रकाने आहेत. गाडीतल्या स्क्रीनला रकाना नाही. ते प्रकरण ‘इतर’मध्ये जाणार. ज्याची मोजणी होत नाही त्यावर धोरणही होत नाही, हे आपल्याला इतर विषयांत चांगलं माहीत आहे.

कंपन्यांचा एक युक्तिवाद मी प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणतात, आता सगळ्यांना फोन सवयीचा आहे, काच लोकांना सहज जमते. ‘सहज’ या शब्दातच घोळ आहे. फोन सहज जमतो कारण आपण त्याच्याकडे बघतो. जॉन्सन यांचे नियंत्रक स्क्रीनकडे बघण्याचाच पगार घेत होते. चालवणाऱ्याचं काम रस्त्याकडे बघणं आहे. त्याच्यासाठी सहज म्हणजे न बघता जमणारं. मी काही शोरूममध्ये विक्रेत्यांना एवढंच म्हणालो, स्क्रीनकडे न बघता पुढच्या काचेचा डीफॉगर लावून दाखवा. ज्या गाडीत बटण होतं तिथे लागला. जिथे नव्हतं तिथे उत्तर मिळालं, ‘सर, व्हॉइस कमांड आहे ना!’

व्हॉइस कमांड आहे आणि टाटांच्या काही गाड्यांत मराठीतही आहे, याचा आनंदच आहे. पण मागे पोरं भांडतायत, बाहेर डीजे चाललाय, अशा वेळी ते किती ऐकतं ते आपल्याला ठाऊक आहे. आणि भाषेवरून पुण्याचीच आणखी एक गोष्ट आठवते. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक ठरवला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, जास्त लागणारी अक्षरं बोटांखाली. एकदा हात बसला की मराठीचा माणूस तमिळचीही अक्षरं त्याच जागी शोधू शकतो. कानपूर आयआयटीत सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या सांकेतिकरणाचं मानक झालं. म्हणजे बोटाला काय सोपं जाईल आणि ते सगळ्या कंपन्यांत सारखं कसं राहील, हा विचार या देशाने सरकारी पातळीवर एकदा केलेला आहे. प्रत्येक संगणक कंपनीने आपापला कळफलक आणावा, असं आपण म्हटलं नव्हतं.

गाडीच्या काचेवर देवनागरी यायला हवी असेल तर तिची स्वतःची गरज आहे. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरं. इंग्रजी शब्दासाठी कापलेल्या चौकटीत ती कोंबली की अक्षर बारीक होतं, आणि बारीक अक्षर म्हणजे जास्त वेळ नजर रस्त्याबाहेर. र. कृ. जोशींसारख्या अक्षरकाराने विंडोजसाठी ‘मंगल’ फाँट घडवला, तेव्हा स्क्रीनवरच्या देवनागरीचा असा विचार झाला होता. गाडीच्या डॅशबोर्डसाठी तो व्हायचाय.

मग मागायचं काय? नवं काहीच नाही. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारना काही गोष्टी सक्तीच्या झाल्या: चालकाची एअरबॅग, मागचे सेन्सर, वेगाची सूचना. आणि त्यातच आणखी एक होती, सेंट्रल लॉकिंग बंद पडलं तरी दार हाताने उघडता आलं पाहिजे. म्हणजे अमुक गोष्ट हाताने झालीच पाहिजे, असं सरकार म्हणू शकतं आणि म्हटलंही आहे. युरोपच्या एनकॅपने २०२६ पासून वरचे तारे हवे असतील तर इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक, या पाचांना खरी बटणं किंवा दांड्या असाव्यात असं ठरवलंय. फोक्सवॅगनच्या डिझाइन प्रमुखांनी २०२५ मध्ये जाहीर सांगितलं की आवाज, तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांची बटणं आता कधीच काढणार नाही. भारत एनकॅप ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालं. धडकेत आतल्या माणसांचं काय होतं आणि सुरक्षेची कुठली उपकरणं बसवली आहेत, यावर त्याचे तारे ठरतात. धडक होण्याआधीची ती दोन सेकंदं त्या २०२३ च्या नियमावलीत नाहीत.

माझी मागणी इतकीच. युरोपची पाच कामं आपणही घ्यावीत आणि त्यात आपल्या पावसासाठी डीफॉगर आणि पंखा घालावा. चिन्हांचं मानक आहेच, त्यात ‘न बघता हाताला लागेल असं’ एवढं वाक्य जोडावं. अपघाताच्या नोंदीत गाडीतल्या स्क्रीनला स्वतंत्र रकाना द्यावा. आणि पुणे-पिंपरीच्या आमदार-खासदारांनी हे विचारावं, कारण कारखाने त्यांच्या मतदारसंघात आहेत आणि रस्तेही.

तोपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. गाडी घ्यायला जाल तेव्हा रेंज विचारा, वॉरंटी विचारा, आणि चालकाच्या सीटवर बसून समोर भिंतीकडे बघत पाच कामं करा: वायपर, धोक्याचे दिवे, डीफॉगर, पंखा, आवाज. जे जमलं नाही ते विक्रेत्याला सांगा आणि लेखी अभिप्रायात लिहा. ग्राहक बटण मागतोय हे कंपनीपर्यंत पोचलं की बटण येतं, ब्यूकच्या वेळीही तसंच आलं होतं.

तुमच्या गाडीत ही पाचही कामं न बघता होतात का? कमेंटमध्ये गाडीचं मॉडेल आणि वर्ष टाकून सांगा. जे चाकण-रांजणगावात याच कामात आहेत त्यांनीही लिहा, तुमच्या अडचणी आम्हाला कळू देत.